एकोणिसास एक: गेममधले रस्ते मोजताना

जीटीए सॅन अँड्रियास या व्हिडिओ गेमचा अख्खा नकाशा ६ किलोमीटर लांब आणि ६ किलोमीटर रुंद आहे. म्हणजे ३६ चौरस किलोमीटर, ३,६०० हेक्टर. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी भागातल्या चार-पाच गावांची शिवारं जोडली की एवढं क्षेत्र भरतं. तेवढ्या जागेत लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि लास वेगास ही तीन शहरं नावं बदलून बसवली आहेत. वर वाळवंट, जंगल, धरण आणि डोंगर आहेतच. २००४ साली आलेला हा गेम इकडच्या पोट्ट्यांनी तालुक्याच्या नेट कॅफेत तासन्‌तास खेळला, पण त्या नकाशावर फूटपट्टी ठेवून कुणी पाहिलं नाही.

गावच्या अभ्यासिकेत दोन उन्हाळे आम्ही तेच करतो आहोत. गेममध्ये उतरायचं, मोहिमा बाजूला ठेवायच्या, नुसतं फिरायचं आणि ती जागा खऱ्या नकाशाशी ताडून पाहायची. शेवटी त्याच पद्धतीनं आपलं गाव उभं करायचं. काय सामान लागतं, कुठे अडतं आणि का अडतं ते इथे लिहितो आहोत, म्हणजे दुसऱ्या गावात कुणी हे हाती घेतलं तर त्यांचा पहिला महिना वाया जाणार नाही.

आधी सामान, कारण निम्मे बेत तिथेच मोडतात. नवा गेमिंग संगणक लागत नाही. कार्यालयांतून निघालेले चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचे जुने डेस्कटॉप नागपुरात मिळतात. त्यात ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड घातलं की आमचं बहुतेक काम भागतं. हेच कार्ड घ्यायचं कारण असं की त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही, मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवर ते चालतं. त्यामुळे जुना एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलावा लागत नाही. मात्र संगणक घेताना कॅबिनेट रुंद आहे ना ते पाहा. चपट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, आणि ही गोष्ट घरी आल्यावरच लक्षात येते.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खेळ सुरू होऊन १५-२० मिनिटांनी चित्र अडखळायला लागतं. लोक गेमला दोष देतात. खरं तर प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचाच वेग कमी करतो. कॅबिनेट उघडा. कपाशीच्या भागात पंख्याच्या पात्यांवर आणि त्यामागच्या जाळीवर रुईचा नुसता नमदा बसलेला असतो. तो ब्रशनं काढा, प्रोसेसरवरची जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) पुसून नवी लावा, फरक त्याच दिवशी दिसेल. कूलरची हवा माणसांवर घ्या, कॅबिनेटवर नको. आपल्याकडचं पाणी खारं आहे. त्या हवेतले बारीक तुषार वाळून बोर्डावर पांढरा थर धरतात आणि पिना गंजतात.

६०० व्हीएचा यूपीएस गेम चालू असताना ५-७ मिनिटं तग धरतो. एवढ्या वेळात सेव्ह करून संगणक नीट बंद होतो, आणि त्याच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवा.

डाउनलोड ही मोठी अडचण. दिवसाला २ जीबीच्या मोबाइल डेटावर ५० जीबीचा गेम उतरवायला २५ दिवस लागतात. मध्येच अपडेट आला तर त्याहून जास्त. म्हणून ज्याच्याकडे ब्रॉडबँड आहे अशा ओळखीच्या माणसाकडे, आपल्याच खात्यानं, गेम उतरवून घ्या आणि पोर्टेबल हार्ड डिस्कवर आणा. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि गेमच्या फाइली त्याहून मोठ्या असतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम असेल तर ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरातलं गेमचं फोल्डर घ्याच, पण बाहेर असलेली ‘ॲपमॅनिफेस्ट’ नावाची चिमुकली फाइलही घ्या. ती राहिली तर स्टीमच्या दृष्टीनं गेम आलेलाच नसतो. मग इन्स्टॉल दाबून आहे त्या फाइली तपासून घेण्यात तास जातो. गावात आणल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्रत्येक गेम एकदा उघडा आणि त्यानंतरच स्टीम ऑफलाइन करा. न उघडलेला गेम ऑफलाइनमध्ये बरेचदा दार लावून बसतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा. जीटीए हा प्रौढांचा गेम आहे. तो कॉलेजच्या मुलांपुरता ठेवावा. शाळेच्या मुलांसाठी युरो ट्रक, डिस्कव्हरी टूर, फ्लाइटगिअर आणि ठोकळ्यांनी जग बांधायचा माइनक्राफ्ट पुरेसे आहेत, आणि खरं सांगायचं तर शिकायला त्यांतच जास्त मिळतं.

आता फिरणं. पहिली फेरी २० मिनिटांची. स्क्रीनच्या कोपऱ्यात जो छोटा नकाशा दिसतो त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून टाका. तो दिसत राहिला की माणूस रस्ता पाहत नाही, बाण पाहतो. २० मिनिटांनी संगणक बंद करून कोऱ्या कागदावर आठवणीनं नकाशा काढायचा: रस्ते, वळणं, पाणी, उंच जागा. त्यानंतर त्याच जागेचा खरा नकाशा शेजारी ठेवायचा. जे गाळलं आहे त्याला लाल खूण, जे सरकवलं किंवा फिरवलं आहे त्याला निळी, आणि ज्याचं साल चुकलं आहे त्याला हिरवी. हिरवी खूण सगळ्यात कमी वेळा लागते, पण तिच्यावरच सगळ्यात जास्त बोलणं होतं.

ज्यांना गाडीच्या खेळात मळमळतं त्यांच्यासाठी दोन उपाय: ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ (पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) थोडं वाढवा आणि स्क्रीनपासून दोन हात मागे बसवा. प्रोजेक्टरवर मळमळ वाढते, कारण सगळी भिंतच हलल्यासारखी वाटते.

सॅन अँड्रियासमधलं सॅन फिएरो म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. गॅन्ट ब्रिज म्हणजे गोल्डन गेट, टोकदार उंच इमारत म्हणजे ट्रान्सअमेरिका पिरॅमिड, आणि नागमोडी उताराची ती गल्ली म्हणजे लोंबार्ड स्ट्रीट. एवढं तर पाच मिनिटांत ओळखू येतं. पट्टी लावली की खरी गंमत कळते. लॉस सँटोसच्या (गेममधल्या लॉस एंजेलिसच्या) मध्यापासून सॅन फिएरोच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत जेमतेम ४ किलोमीटर भरतात. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को हे खरं अंतर सरळ रेषेत साडेपाचशेच्या पुढे आहे. म्हणजे जवळजवळ १४० पट आखडलं. पण गल्लीची रुंदी, दाराची उंची, गाडीची लांबी मात्र आखडलेली नाही, ती माणसाच्या मापाचीच आहे. एकाच नकाशात दोन मापं. माणसाजवळचं सगळं खऱ्या मापाचं, आणि दोन गावांमधलं अंतर दुमडलेलं. गेममधली कुठलीही जागा वाचायची किल्ली ही आहे, आणि पहिल्या आठवड्यात पोरांच्या गळी हीच उतरवावी लागते.

दुमडलेलं अंतर लपवतात कसं? दोन तऱ्हांनी. एक म्हणजे वळणं आणि टेकड्या. पुढचं शहर सरळ दिसूच नये म्हणून रस्ता डोंगराआड फिरवून आणतात. दुसरं धुकं. मूळ सॅन अँड्रियासमध्ये काही अंतरापलीकडचं सगळं धूसर होतं. ती जुन्या यंत्रांची मर्यादा होती, पण तिनंच नकाशा मोठा केला. २०२१ साली याच गेमची नवी आवृत्ती आली तेव्हा नजर लांबवर पोहोचू लागली, आणि गेममधल्या माउंट चिलियाड डोंगरावर उभं राहिलं की तिन्ही शहरं अंगणात ठेवल्यासारखी दिसायला लागली. खेळणाऱ्यांनी तक्रारी केल्या, मग धुकं परत आणावं लागलं. आपल्या काळ्या मातीच्या सपाट मुलखात हे फसवणं जमलंच नसतं. एप्रिलमध्ये पऱ्हाटी उपटून झाली की शेजारच्या गावचं देऊळ आणि पाण्याची टाकी इथून दिसते. वऱ्हाडचा पट्टा गेममध्ये आणायचा तर आधी क्षितिजाचं काय करायचं ते ठरवावं लागेल.

युरो ट्रक सिम्युलेटर २ इथे फार उपयोगी पडतो, कारण त्याचं माप जाहीर आहे. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरनं २०१२ मध्ये काढलेल्या या गेममध्ये हायवेवरचं जग १९ पट आखडलेलं आहे आणि घड्याळही १९ पट पळतं. ट्रक मात्र खऱ्या वेगानं धावतो. बर्लिन ते प्राग खरं अंतर साधारण ३५० किलोमीटर. ८० च्या वेगानं गेमच्या घड्याळात सव्वाचार तासांच्या वर लागतात, आपल्या घड्याळात १४ मिनिटं. शहराच्या हद्दीत शिरलं की घड्याळ मंदावतं, तिथे एकास तीन. हा बदल डॅशबोर्डवरचं घड्याळ पाहत राहिलं तर डोळ्यांना दिसतो. मुलांना तो शोधायला लावा, आधी सांगू नका.

मोजायची रीत सोपी आहे. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, ८० वर लावायचा. ८० च्या वेगानं ट्रक सेकंदाला २२ मीटर जातो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन खुणांमधला वेळ घ्यायचा, २२ नं गुणायचं, की गेमच्या जमिनीवरची लांबी आली. तीच खऱ्या नकाशावर मोजून भागाकार करायचा. उत्तर दर वेळी १९ येत नाही. कधी ते बरंच खाली, कधी बरंच वर जातं. असं झालं की पोरं आपलंच गणित चुकलं समजून पुन्हा मोजतात. चूक नसते. बनवणाऱ्यांनी काही टप्पे जास्त दाबले आणि काही मोकळे सोडले, आणि कुठे सोडले ते पाहण्यासाठीच हे मोजायचं. साधारणपणे घाट, मोठे पूल आणि शहराची वेस इथे हात सैल असतो. मधल्या सपाट शेतांवर कात्री चालते.

यानंतरचा स्वाध्याय आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो. नागपूर ते अमरावती साधारण १५५ किलोमीटर. १९ नं भागा, ८ किलोमीटर उरतात. या ८ किलोमीटरच्या कागदी पट्टीवर (आम्ही १ मीटरला १ सेंटिमीटर धरून ८० मीटरची पट्टी करून पाहिली, ती शाळेच्या व्हरांड्यात मावली नाही, १० मीटरला १ सेंटिमीटर धरा, ८ मीटर पुरते) हा रस्ता बसवायचा.

पहिल्या प्रयत्नात प्रत्येक गट सगळी गावं ठेवतो. वाडी, गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरी, नांदगाव पेठ. ८ किलोमीटरमध्ये नऊ गावं, म्हणजे दर ८००-९०० मीटरला एक. ट्रक ८० नं सोडला तर दर ४० सेकंदांनी बसस्टँड, पानठेला आणि गतिरोधक. अशानं तो हायवे राहत नाही, एकच लांबट गाव होतं. मग काढाकाढी सुरू होते आणि भांडणंही, कारण प्रत्येकाचा मामा कुठल्या तरी गावचा असतो. हे भांडण होऊ द्यावं. कोणतं गाव गाळायचं हे ठरवताना पहिल्यांदाच कुणी तरी विचारतं की हे गाव इथे आहे तरी का.

आमच्या अनुभवात टिकून राहिलेल्या जागा चार. कोंढाळीकडचा चढउताराचा, वळणांचा टप्पा, कारण तिथे पुढचं दिसत नाही आणि अंतर दुमडायला तो उपयोगी पडतो. सॅन अँड्रियासमधली युक्ती इथे आयती मिळते. दुसरी, रस्त्याकाठच्या संत्र्याच्या बागा. तिसरी, तळेगावचा फाटा, जिथून आर्वीकडे वळता येतं. फाटा नसेल तर रस्ता नुसती नळी होतो. चौथी, वर्धा नदीचा पूल, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांची हद्द. पुलाचं गणित मुलांकडूनच करवून घ्या. समजा पूल ३०० मीटरचा आहे. १९ पट आखडला तर १६ मीटर उरतो. युरोपात ट्रक-ट्रेलरची लांबी साडेसोळा मीटर असते. म्हणजे ट्रेलरचं शेपूट पुलावर यायच्या आत ट्रकचं तोंड उतरलेलं. पूल आखडता येत नाही, तो जवळजवळ पूर्ण ठेवावा लागतो. ती जागा कुठून काढायची? शेतांतून. म्हणून युरो ट्रकमध्ये पोलंडचं शेत दोन मिनिटांत संपतं. गेममध्ये कास्तकाराचं वावर सगळ्यात आधी कापलं जातं. हे मनाला लागतं, पण त्यामागचं गणित असं आहे.

मोझरी ठेवायचं की नाही यावर दोन्ही वर्षं एकमत झालं नाही. आकारानं ते मोठं नाही, पण तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज तिथे आहे आणि या रस्त्यानं जाणारा माणूस ते टाळून अमरावतीची कल्पनाच करू शकत नाही. आमचं मत ठेवायचं. खुणेच्या जागा क्षेत्रफळावर ठरत नाहीत.

इतिहासातल्या जागांसाठी असॅसिन्स क्रीड ओरिजिन्सचा डिस्कव्हरी टूर घ्यावा. २०१८ च्या फेब्रुवारीत आलेल्या या भागात लढाई पूर्ण काढून टाकली आहे. क्लिओपात्राच्या काळातल्या इजिप्तमधून ७५ मार्गदर्शित फेऱ्या करता येतात. पिरॅमिडांकडे सगळे धावतात. आम्ही रोजच्या जीवनाच्या फेऱ्यांपासून सुरुवात करतो. नाईलच्या काठी पाणी उपसायचं शादूफ दिसतं: आडव्या दांड्याच्या एका टोकाला वजन, दुसऱ्याला डोल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तेवढ्या वेळापुरतं बोलावून आणा. मोट हाकलेला माणूस ते पाहून एका मिनिटात सांगतो की यानं किती खोलीवरचं पाणी निघेल आणि किती खोलीपासून बैल लावावे लागतील. ही माहिती त्या फेरीत नाही.

खुफूच्या पिरॅमिडच्या आत मात्र सावध राहा. गेममधल्या काही आतल्या जागा झाँ-पिएर ऊदाँ या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाच्या मांडणीवरून केल्या आहेत. पिरॅमिड बांधताना आतूनच चढत जाणारा उतार होता असं तो म्हणतो. ती मांडणी आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण गेममध्ये अंदाजही दगडाचाच दिसतो आणि पुरावाही दगडाचाच. पडद्यावर दोन्हींत फरक कळत नाही, म्हणून शेजारी माणूस लागतो.

हिरवी खूण सगळ्यात ठळक लागते ती असॅसिन्स क्रीड युनिटीतल्या नोत्र दामला. २०१४ चा हा गेम फ्रेंच राज्यक्रांतीच्या पॅरिसचा. त्यातल्या कॅथेड्रलवर जो उंच निमुळता कळस आहे तो व्हियोले-ले-ड्यूक या वास्तुविशारदानं बांधला, १८५९ मध्ये. क्रांतीच्या काळात तो नव्हताच. जुना मध्ययुगीन कळस अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवून टाकला होता. बनवणाऱ्यांना हे माहीत नसेल असं नाही. कळसाशिवाय लोकांना नोत्र दाम ओळखूच आलं नसतं. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत पडला तो हाच एकोणिसाव्या शतकातला कळस. त्या वेळी या गेमच्या मॉडेलवरून देऊळ पुन्हा बांधणार अशी बातमी मोबाइलवर सगळीकडे फिरली. तसं नव्हतं. जीर्णोद्धाराला आधार मिळाला तो इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये लेझरनं केलेल्या मोजणीसारख्या कामांचा. त्या मोजणीत एक अब्जाहून जास्त बिंदू आहेत. गेमचं मॉडेल डोळ्यांसाठी केलेलं असतं, गवंड्यासाठी नाही.

याच धर्तीवर एक प्रश्न मुलांना घालतो: १९३६ चं सेवाग्राम करायचं असेल तर काय काय काढावं लागेल? डांबर, विजेचे खांब, पाट्या हे लगेच येतं. पुढे अडतं. गाव तेव्हा सेगाव होतं, सेवाग्राम हे नाव १९४० मधलं, म्हणजे पाटीवरचं नावही बदलायचं. आश्रमात टेलिफोन आहे. तो कोणत्या सालापासून दाखवायचा? याचं उत्तर वर्ध्याला जाऊन शोधावं लागतं, आणि पोरं जातात.

उडण्यासाठी फ्लाइटगिअर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर (२०२०) सुंदर आहे, पण त्याला १५० जीबी जागा आणि जमीन दाखवण्यासाठी सतत इंटरनेट लागतं. गावात ते परवडत नाही. फ्लाइटगिअर फुकट आहे. त्याची जमीन अक्षांश-रेखांशाच्या एकेक अंशाच्या तुकड्यांत येते. नागपूरचा तुकडा पूर्व ७९, उत्तर २१. नागपूर विमानतळाचा संकेत व्हीएएनपी. हवे ते तुकडे तालुक्याला एकदा उतरवून ‘टेरासिंक’चं फोल्डर पेन ड्राइव्हवर आणलं की गावात इंटरनेटशिवाय उडता येतं. तुकडा आणायचा राहिला तर विमानाखाली अचानक समुद्र लागतो. यवतमाळवर निळं पाणी दिसलं की समजा फोल्डर अपुरं आहे.

आम्ही नेतो ते लोणारला. अकोल्याहून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत, नैऋत्येला, दिशा साधारण २१५ अंश. सेसना १७२ या छोट्या विमानानं अर्धा तास. ज्यांना उड्डाण जमत नाही त्यांनी सुरुवातीची जागा म्हणून अक्षांश १९.९८ आणि रेखांश ७६.५१ टाकावा, उंची ४,००० फूट. विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. उंचीचे जे आकडे अशा कामात सर्रास वापरतात ते २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीतून येतात, आणि खुल्या वापरासाठी बराच काळ ते दर ९० मीटरला एक बिंदू असेच मिळत. १,८०० भागिले ९०, म्हणजे विवराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फक्त २० बिंदू. २० बिंदूंत खळगा येतो, कडा येत नाही. प्रत्यक्षात पाय घसरेल असा उतार इथे ताटाच्या काठासारखा बोथट होतो. आतली देवळं नाहीत, झाडीही अंदाजानं पेरलेली. लोणार पाहिलेलं पोर म्हणतं, हे आपलं नाही. तेव्हाच बिंदूंची गोष्ट सांगायची, नंतर सांगितली तर डोक्यात बसत नाही.

शेवटचा टप्पा आपलं गाव. ‘अर्निस’ नावाचं एक मुक्त साधन आहे. ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावरची माहिती घेऊन माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तेवढा भाग उभा करतं, एक ठोकळा म्हणजे एक मीटर. नकाशावर चौकोन आखायचा, जग निवडायचं, सुरू करायचं. पुण्या-मुंबईचा चौकोन आखला तर इमारतींची रांग उभी राहते. आमच्या गावाचा आखला तेव्हा एक डांबरी रस्ता आला, एक नाला आला, बाकी गवत. साधनाचा दोष नाही. नकाशात कुणी गाव भरलेलंच नव्हतं.

मग ते भरावं लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. खातं उघडा, ब्राउझरमधला आयडी एडिटर घ्या, उपग्रहचित्रावर घरांच्या कडा काढा. गूगल मॅप्सवरून काहीही उतरवायचं नाही, परवाना नाही. एडिटरमध्ये जी चित्रं दिलेली आहेत तीच वापरायची. दोन वेगळ्या कंपन्यांची चित्रं एकमेकांपासून काही मीटर सरकलेली असतात, त्यामुळे अर्धं गाव एकावर आणि अर्धं दुसऱ्यावर काढलं तर घरं रस्त्यात येतात. एकच चित्र ठरवा. मोबाइलचं जीपीएस घेऊन गावातल्या तीन चौकांत मोकळ्या आभाळाखाली दोन-दोन मिनिटं उभं राहा आणि त्या खुणांवर चित्र सरकवून घ्या.

अडचणी कुठे येतात ते सांगतो. जुन्या वस्तीत दोन घरांची भिंत एकच असते, वरून एकच छप्पर दिसतं. तिथे जाऊन दारं मोजावी लागतात. नवीन टिनपत्रा उन्हात इतका चमकतो की कडाच दिसत नाही. कडुनिंबाखालची घरं चित्रात नसतात. घरकुल योजनेतली नवी घरं नसतात, कारण चित्र जुनं असतं, आणि पडलेले वाडे मात्र अजून उभे दिसतात. कोठा आणि दुमजली वाडा दोन्हींना नुसतं ‘इमारत’ लिहिलं तर माइनक्राफ्टमध्ये दोन्ही सारख्याच उंचीचे उठतात. म्हणून मजल्यांचा आकडा भरा, आणि भरल्यावर दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका वस्तीत कुणी २ मजल्यांच्या जागी २१२ टाकले होते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरनं तो आकडा उचलला आणि २०२० मध्ये जगभरच्या वैमानिकांना साध्या घरांच्या मधोमध २१२ मजली सुळका दिसला. आपल्या गावच्या वाड्यालाही एका बोटाची चूक पुरेशी आहे.

घरावर घरमालकाचं नाव लिहू नका. मंदिर, शाळा, ग्रामपंचायत, हातपंप, टाकी यांची नावं चालतात.

गाव भरून पुन्हा अर्निस चालवल्यावर सगळ्यांचा पहिला शेरा एकच असतो: गाव लहान वाटतं. एक मीटरला एक ठोकळा आहे, माप बरोबर आहे, तरी लहान. कारण वेग. माइनक्राफ्टमधला माणूस साधं चालताना सेकंदाला ४.३ मीटर जातो, म्हणजे ताशी साडेपंधरा किलोमीटर. ८०० मीटरचं गाव तो तीन मिनिटांत ओलांडतो. आपण ताशी पाचनं चालतो, आपल्याला साडेनऊ मिनिटं लागतात. वाटेत कुणी हाक मारली तर पाऊण तास. सॅन अँड्रियासमध्ये लांबी आखडली होती, इथे लांबी पूर्ण आहे आणि वेळ आखडली. पोरांना गेममध्ये मुद्दाम वाकून, म्हणजे शिफ्ट दाबून चालायला लावा. तो वेग सेकंदाला १.३ मीटर, जवळजवळ आपला. त्या वेगानं आखरापासून मारुतीच्या पारापर्यंत गेलं की गाव पुन्हा त्याच्या आकाराचं होतं.

सध्या आमच्याकडे पांदण राहिली आहे. नकाशात पांदण म्हणजे एक रेघ, तिला रुंदी नसते. गेम तिला सगळीकडे सारखी रुंदी देतो. जमिनीवर ती तशी नाही. दोन्हीकडचे धुरे आत सरकले आहेत, कुठे दोन बैलगाड्या समोरासमोर जातात, कुठे एक बैलही अंग चोरून जातो. दर ५० पावलांवर टेप लावून रुंदी घ्यायची आणि वहीत लिहायची असं ठरलं आहे. निम्मी झाली. उरलेली पेरणीच्या आत उरकायला हवी, कारण एकदा पाऊस पडला की त्या चिखलात टेप धरून उभं राहता येत नाही. झाडाखाली लपलेल्या तीन विहिरीही अजून कोणत्याच चित्रात सापडलेल्या नाहीत, त्यांच्याही खुणा त्याच फेरीत घ्यायच्या आहेत.